एकोणीस डावे खांदे

"शोभाताई, डावा खांदा खाली."

शोभाताईंनी खांदा खाली घेतला. मी पुढच्या मॅटकडे सरकले आणि सहज मागे वळून पाहिलं. खांदा पुन्हा कानाजवळ गेला होता.

सकाळचे सहा वाजले होते. जळगावातल्या आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये ताडासन चालू होतं. ताडासन म्हणजे पाय जुळवून सरळ उभं राहायचं, दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि टाचा उचलायच्या. दिसायला सोपं. त्यातली मेख एवढीच की हात वर गेले तरी खांदे वर जाता कामा नयेत. कान आणि खांदा यांच्यात जागा मोकळी राहिली पाहिजे. हा पहिल्या आठवड्यातला धडा. शोभाताई माझ्याकडे अकरा वर्षं येतात.

एरवी मी वर्गासमोर उभी असते. त्या दिवशी मुद्दाम रांगांमधून फिरत होते. कारण आदल्या दिवशी शोभाताई म्हणाल्या होत्या, "मॅडम, पंधरा-वीस दिवस झाले, मान धरतेय. डावीकडूनच." म्हणून मी माझ्या हाताखालच्या सुलोचनाला समोर उभं केलं आणि स्वतः बघायला रांगांत शिरले.

शोभाताईंच्या शेजारी मंगलाताई. त्यांचाही डावा खांदा वर. त्यांच्या पलीकडच्या दोघींचाही. मी कोपऱ्यात गेले आणि मोजलं. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मॅट अठ्ठावीस. वर गेलेले डावे खांदे एकोणीस. उजवा एकाचाही नाही. पहिल्या दोन रांगा सगळ्या वाकड्या, शेवटची रांग जवळजवळ सरळ. म्हणजे जुने, मन लावून करणारे वाकडे आणि उशिरा येऊन दाराशी मॅट टाकणारे सरळ.

माझ्याकडे एक वही असते. तिच्यात लिहिलं: खांदे, डावे, १९. कारण?

कारण शोधायला मला पुढे नऊ-दहा दिवस लागले. त्याआधी माझ्या खांद्याबद्दल सांगायला हवं.

मी ही सकाळची बॅच बावीस वर्षं घेते आहे. योगशिक्षिकेचं खांद्याचं ऑपरेशन झालं म्हटलं की लोकांना वाटतं, एखादं अवघड आसन करताना इजा झाली असेल. तसं असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. माझा खांदा हॉलच्या शटरने घेतला. ते जड होतं, गुडघ्यापर्यंत येऊन अडायचं. मग उजव्या हाताने एक हिसका द्यायचा. किल्ली माझ्याकडे, म्हणून हिसकाही माझा. बावीस वर्षं रोज एक. दिवाळीनंतर एका सकाळी हिसका दिला आणि खांद्यात कापड टरकावं तसं झालं.

खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवायला चार स्नायू असतात. त्यांच्या टोकांची मिळून जी पट्टी होते तिला रोटेटर कफ म्हणतात. माझी ती पट्टी फाटली होती. शिवावी लागणार होती. माझी मोठी बहीण धुळ्याला देवपुरात राहते, म्हणून ऑपरेशन धुळ्यालाच केलं. सहा आठवडे हात पट्ट्यात, मुक्काम अक्काकडे.

त्या सहा आठवड्यांत मी एक गोष्ट शिकले. आपल्याला नेमकं काय हवं असतं ते आपल्याला आधी माहीत नसतं.

पहाटे पावणेपाचला जाग यायचीच. बावीस वर्षांची सवय. उठून करायला काही नाही. मग डोळे मिटून मनातल्या मनात सूर्यनमस्कार घालायचे. नमस्कार, हात वर, खाली वाकणं, इथपर्यंत नीट व्हायचं. पुढे तळवे जमिनीवर टेकून पाय मागे न्यायचा असतो. तिथे मन अडायचं. मला आसनांची आठवण येत नव्हती, जमिनीची येत होती. तळव्याखालची गार फरशी. बोटं पसरून जमीन मागे ढकलली, कंबर उचलून पर्वतासनात गेलं, की मनगटापासून माकडहाडापर्यंत एक लांब ताण जातो. तो ताण आला की माझा दिवस सुरू व्हायचा. आता दिवस सुरूच होत नव्हता, नुसता उजाडत होता.

अक्का एकदा म्हणाली, "कुंदा, पडल्या पडल्या काय मोजतेस गं?"

"श्वास."

"श्वास कुठे पळून चाललेत? ऊठ, केस विंचरून देते. डोक्याचं घरटं झालंय."

एक्कावन्नाव्या वर्षी मोठ्या बहिणीकडून वेणी घालून घेत मी वहीत यादी केली. पुन्हा करायच्या गोष्टी. केस स्वतः विंचरणं. वरच्या फळीवरचा डबा काढणं. बॅच. पर्वतासन. शेवटी शीर्षासन. प्रत्येकापुढे तारखेसाठी जागा सोडली.

फिजिओथेरपिस्ट मृणाल मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मला काकू म्हणायच्या. मला कोणी काकू म्हटलेलं आवडत नाही, पण एका हाताने काय भांडणार! तीन महिने झाल्यावर त्यांनी बॅचला परवानगी दिली.

"पण बोलून शिकवायचं, काकू. करून दाखवायचं नाही. हात खांद्याच्या वर न्यायचा तो इथे, माझ्यासमोर, आरशात बघत. वर्गासमोर नाही."

मी ते वहीत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

आणि आठ दिवस पाळलंही. खुर्चीवर बसून सूचना द्यायची. सुलोचना समोर उभी राहून करून दाखवायची. सुलोचना माझीच विद्यार्थिनी. दुपारी घरी शिवणकाम करते, मी धुळ्याला असताना तिनेच बॅच सांभाळली होती. छान घेत होती. तेच मला सहन होत नव्हतं. माझ्या तोंडून "हात वर" निघायचं आणि अठ्ठावीस जणांचे हात वर जायचे. माझे दोन्ही मांडीवर.

नवव्या दिवशी मी खुर्चीतून उठले. 'करून दाखवत नाही, नुसती खूण करते,' असं स्वतःला सांगितलं. दहाव्या दिवशी सुलोचनाला म्हटलं, "तू आता तुझ्या मॅटवर कर, मी बघते समोरचं." दुखत नव्हतं. हात वर जात होता. मला वाटलं, झालं, परत आले.

पुढच्या खेपेला धुळ्यात मृणाल मॅडमनी विचारलं, "वर्गात दाखवत नाही ना?"

"छे."

यादीत बॅचपुढे तारीख घातली. आणि महिन्याभरात हे एकोणीस खांदे.

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते असं: तीन महिने बॅच सुलोचनाकडे होती, म्हणजे खोट तिथलीच. वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं.

"सुलोचना, तुझ्याकडे बॅच असताना तू खांद्याकडे लक्ष दिलं नाहीस."

ती मॅट गुंडाळत होती. "ताई, माझ्या वेळी असं नव्हतं."

"मग आपोआप झालं?"

तिने मॅटला दोरी बांधली.

"उद्यापासून आजच्यासारखी समोर उभी राहू नकोस. मीच पूर्ण वेळ करून घेते. डाव्या खांद्यावर आठ दिवस देऊ या."

"बरं," म्हणाली आणि मॅट उचलून गेली.

आठ दिवस मी जीव ओतून ताडासन शिकवलं. एरवी दोनदा, आता सहा वेळा. समोर उभी राहून, स्वतः हात वर नेऊन, "असं, खांदा खाली, मान मोकळी." नवव्या दिवशी पुन्हा रांगांत गेले. मोजलं. तेवीस.

वर्ग सुटला. मी हॉलच्या पायरीवर वही घेऊन बसले. दाराशी नाना चपला शोधत होते. नाना म्हणजे एसटीतले रिटायर्ड ड्रायव्हर, मूळचे धरणगावचे. शेवटच्या रांगेत मॅट. अर्धी आसनं करतात, उरलेल्या वेळात कोणाचं काय चाललंय ते बघतात. मी सहज म्हटलं, "नाना, तुमचा खांदा बरा सरळ राहिला."

"मना ध्यान तुमनाकडे कोठे ऱ्हास?" नाना हसले. त्यांचं लक्ष माझ्याकडे नसतं हे मला माहीतच होतं. मग ते खाली पायरीवर बसले. "पण मॅडम, एक सांगू? जो तुमले दखस, तो बठ्ठा वाकडा शे."

मला जो बघतो, तो सगळा वाकडा. मला हसू आलं. "नाना, माझं ऑपरेशन उजव्या खांद्याचं. यांचा डावा वर जातोय. माझं बघून केलं असतं तर उजवा गेला असता."

नाना माझ्याकडे बघायला लागले. एखादा नवा कंडक्टर चुकीचं तिकीट फाडतो तेव्हा ड्रायव्हर बघत असेल तसे.

"आठ वर्षं दखी ऱ्हायनू मी," नाना म्हणाले. "तुम्ही उजवा सांगतस अन् डावा उचलतस."

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शिक्षक वर्गाकडे तोंड करून उभा असतो. त्याने उजवा हात उचलला तर समोरच्यांना तो त्यांच्या डावीकडे दिसतो आणि ते गोंधळतात. म्हणून आम्ही तोंडाने 'उजवा' म्हणतो आणि स्वतःचा डावा उचलतो. वर्ग आरशात बघावं तसं आमच्याकडे बघून करतो. माझा डावा त्यांचा उजवा. माझा उजवा त्यांचा डावा. नवीन शिक्षकांना हे मीच शिकवते.

बावीस वर्षं ज्याच्यावर वर्ग चालवला ते मला त्या नऊ-दहा दिवसांत एकदाही आठवलं नाही. आठवू द्यायचं नव्हतं, हे जास्त खरं.

घरी आले. कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि दोन्ही हात वर नेले. डावा सरळ गेला. उजव्या बाजूला आधी खांदा उचलला, कानाकडे गेला, आणि मग त्याच्या पाठोपाठ हात. एखादं पोतं आधी पाठीवर घ्यावं आणि मग चालावं तसं. खांद्यातले शिवलेले स्नायू अजून कामावर आले नव्हते. त्यांचं काम मानेचे स्नायू ओढत होते. म्हणूनच दुखत नव्हतं. आणि हेच मी महिनाभर, रोज, वर्गाला नीट दिसेल असं सावकाश करून दाखवलं होतं. शोभाताई पहिल्या रांगेत बसतात. त्यांनी ते इतकं चांगलं उचललं की त्यांची मान धरली.

माझी भीती पुढची होती. मानेने ओढून ओढून खांद्यातली शिवण उसवली असेल तर?

दुसऱ्या दिवशी सकाळची धुळ्याची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा, पुढे धुळं. अडीच तासांत मी वहीत काय काय बोलायचं ते लिहून काढलं. मृणाल मॅडमसमोर बसल्यावर त्यातलं एकच वाक्य निघालं.

"मी दाखवत होते."

"किती दिवस?"

"महिना."

"मागच्या खेपेला मी विचारलं होतं."

"हो. तेव्हाही दाखवत होते."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी सर्जनना फोन केला आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. मी बाकावर तासभर बसले. समोर एक बाई हाताचं प्लास्टर काढायला आली होती आणि लहान मुलासारखी बोटं हलवून बघत होती. मला तिचा हेवा वाटला. मी मनात यादी काढली आणि सौदा करत गेले. शीर्षासन नको. वरच्या फळीवरचा डबाही नको. समोर उभं राहणंही एक वेळ नको. पर्वतासन तेवढं राहू दे.

रिपोर्ट आला. मृणाल मॅडमनी तो दोनदा वाचला.

"काकू, शिवण शाबूत आहे. पण एक लक्षात ठेवा. पुन्हा फाटलं तर शिवायला कापड उरलेलं नाही."

"मग मी समोर कधी उभी राहू?"

"समोर उभं राहायची घाई कोणाला आहे? बॅचला की तुम्हाला?"

मी वही मिटून पिशवीत टाकली.

परत आल्यावर मी आधी सुलोचनाच्या घरी गेले. ती मशीनवर बसली होती, तोंडात टाचणी.

"ताई, बसा. चहा टाकते."

"आधी माफी घे, मग चहा टाक. खोट तुझी नव्हती. माझी होती. ते माझ्याकडून शिकले."

तिने टाचणी काढून उशीला टोचली. "मला दिसत होतं, ताई."

"काय?"

"तुमचा खांदा. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या खुशीत होता समोर उभ्या राहून." तिने मशीनवरचं कापड उगाच नीट केलं. "कसं बोलणार?"

आम्ही चहा घेतला. साखर तिने जास्त टाकली होती. मी सगळा प्यायले.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभं राहून सगळं सांगितलं. हात खाली ठेवून. शोभाताईंना वेगळं सांगितलं आणि मान दाखवून घ्यायला पाठवलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं मॅडमनी काहीतरी नवीन पद्धत आणली धुळ्याहून."

मग दुरुस्ती. उभ्याने हात वर नेताना चुकीची सवय लागली असेल तर उभ्याने ती सुटत नाही. म्हणून सगळ्यांना पाठीवर झोपवलं. झोपून हात डोक्याकडे न्यायचे, सावकाश, जमिनीला घासत. हाताचं ओझं जमीन घेते, मानेला मदतीला यायचं कारणच राहत नाही. खांदा कानाकडे सरकला तर पाठीला लगेच कळतं. समोर सुलोचना. मीही झोपले, शेवटच्या रांगेत, नानांच्या शेजारी. मृणाल मॅडमनी मला हेच दिलं होतं. शिक्षक आणि वर्ग एकाच धड्यावर, हे बावीस वर्षांत पहिल्यांदा झालं.

दर सोमवारी मोजणी. तेवीस, सोळा, नऊ, तीन. शेवटी एकट्या शोभाताई उरल्या. मन लावून शिकलेलं सुटायला वेळ लागतो. एप्रिलचं ऊन तापायला लागलं, हॉलचे पंखे पहाटेपासून फिरायला लागले, आणि एका सोमवारी त्यांचाही खांदा खाली राहिला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. शोभाताई लाजल्या.

मधल्या काळात नानांनी शटरच्या दोन्ही पट्ट्यांत तेल सोडलं. आता ते एका बोटाने वर जातं. बावीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. याद्या करणाऱ्या बाईच्या एकाही यादीत शटरचं तेल नव्हतं.

मे महिन्यात मृणाल मॅडमनी मला आरशासमोर उभं करून हात वर न्यायला लावला. पाच वेळा. मग म्हणाल्या, "आता जमिनीवर. गुडघे टेकलेले राहू देत. तळवे खांद्यांच्या बरोबर खाली. पाच श्वास. सहावा नाही."

"इथे?"

"इथे का? तुमच्या हॉलमध्ये करा. पण शेवटच्या रांगेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचना समोर पर्वतासन घेत होती. अठ्ठावीस जण कमरेतून उचलले गेले. मी गुडघे टेकले, बोटं पसरली आणि तळवे खाली ठेवले. फरशी मे महिन्यातही गार होती. उजव्या तळव्यावर सावकाश वजन दिलं. खांदा थरथरला, पण जागेवर राहिला. मनगटापर्यंत ताण आला, कोपरापर्यंत आला, आणि तिथे थांबला. पुढचा माकडहाडापर्यंतचा रस्ता अजून बंद होता. तो कुठून जातो ते मला माहीत आहे. मी पाच श्वास तिथेच थांबून त्या रस्त्याकडे बघितलं.

"मॅडम," शेजारून नाना हळूच म्हणाले, "सव्वा श्वास जास्त व्हयना."

"तुमचं ध्यान नसतं ना माझ्याकडे?"

नानांनी डोळे मिटले.

ज्यांना शिकवायचं आहे त्यांच्यासाठी ह्यातलं कामाचं तेवढं सांगते. आपलं दुखणं वर्गापासून लपवता येत नाही. आपल्याला वाटतं लपलं, तोवर पहिल्या रांगेचं ते पाठ झालेलं असतं. बरं होईपर्यंत मागे बसावं. आणि शटरला तेल घालावं.

वही माझ्यासमोर आहे. बॅचपुढची तारीख खोडली, नवीन घातलेली नाही. पर्वतासनापुढे पेन्सिलने 'गुडघे टेकून' असं लिहिलं आहे. परवा मी धुळ्याला शीर्षासनाचं विचारलं. मृणाल मॅडम म्हणाल्या, "ते मला विचारू नका, काकू. माझ्याकडून हो येणार नाही." यादीतली ती ओळ अजून तशीच आहे. पुढे तारीख नाही. खोडलेली नाही.